डब्यातले १२८८

माझे मामा मालवाहू जहाजावर नोकरीला होते आणि जहाज ज्या बंदराला लागे तिथली चार-सहा जुनी नाणी ते आठवणीने घेऊन येत. निवृत्तीनंतर त्यांची नजर अधू झाली, तेव्हा हा सारा ठेवा त्यांनी पत्र्याच्या एका डब्यात नीट रचून माझ्या स्वाधीन केला. नाणी चारशेच्या वर होती. ती लहान लहान कागदी पाकिटांत घातलेली होती आणि प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने बंदराचे नाव, धातू आणि नगांची संख्या लिहिलेली होती. "सवडीने बघ, घाई करू नकोस," एवढेच ते म्हणाले. मी मात्र त्याच रात्री सगळी पाकिटे चादरीवर रिकामी केली आणि नाणी धातूप्रमाणे व आकाराप्रमाणे वेगळी करायला बसले. तांब्याची एकीकडे, चांदीची दुसरीकडे, भोके असलेली तिसरीकडे. रिकामी पाकिटे डब्याच्या तळाशी दडपून ठेवली. ती मी टाकून दिली नाहीत ती केवळ मामांच्या अक्षरावरच्या मायेपोटी. त्यांचे मोल मला तेव्हा मुळीच कळलेले नव्हते.

त्या रात्री एका नाण्याने माझी झोप उडवली. तांब्याचे, जाडसर, कडेने ओबडधोबड असे ते नाणे होते. एका बाजूला एकमेकांत गुंतलेल्या दोन त्रिकोणांचा सहा टोकांचा तारा होता. दुसऱ्या बाजूला, आपण ज्यांना इंग्रजी आकडे म्हणतो त्या आकड्यांत, स्वच्छ १२८८ असे लिहिलेले होते आणि आकड्याच्या वर अरबी वळणाची काही अक्षरे झिजून पुसट झालेली होती. सातशे वर्षांपूर्वीची वस्तू आपल्या तळहातावर आहे या कल्पनेने मी भारावून गेले. वहीत नोंद केली: 'तांबे, तारा, सन १२८८, तेरावे शतक.' त्या नोंदीवर मी दोन वर्षे विसंबून राहिले, आणि ती चूक उमगण्यासाठी जे जे शिकावे लागले तेच माझे नाणेसंग्रहाचे खरे शिक्षण ठरले.

परदेशी नाणे हाती घेतले की नवशिक्याची नजर प्रथम सनावर जाते, कारण लिपी वाचता आली नाही तरी आकडा वाचता येईल असे त्याला वाटते. माझा हा विश्वास पहिल्यांदा थायलंडच्या एका लहानशा नाण्याने डळमळीत केला. त्यावरचे थाई अंक तक्त्याशी ताडून पाहिले तेव्हा सन निघाला २५००. तो बुद्धसंवत होता. त्यातून ५४३ वजा केले की १९५७ येते. इथिओपियाच्या नाण्यांवर गीझ लिपीतले अंक असतात आणि तिथली कालगणना आपल्या नेहमीच्या इसवी सनाच्या सात-आठ वर्षे मागे चालते, त्यामुळे सम्राट हैले सेलासी यांच्या नाण्यावरचे १९२३ हे प्रत्यक्षात १९३०-३१ असते. जपानी नाण्यांवर तर सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष असते. ताइशो कारकिर्दीचे पहिले वर्ष १९१२ असल्याने 'ताइशो ९' म्हणजे १९२०. आणि त्या काळातल्या नाण्यांवरचा लेख उजवीकडून डावीकडे वाचावा लागतो, हे लक्षात येईपर्यंत मी दोन संध्याकाळी चिन्हे उलट्या क्रमाने जुळवत बसले होते.

सर्वांत जास्त वेळ उस्मानी तुर्कांच्या नाण्यांनी घेतला. त्यांच्यावर सुलतानाची स्वाक्षरीवजा मुद्रा, म्हणजे तुघ्रा, असतो. तो वाचायचा नसून ओळखायचा असतो, जशी आपण माणसाची सही अक्षरे न लावता ओळखतो. या नाण्यांवर दोन आकडे असतात. एक हिजरी सन, म्हणजे इस्लामी कालगणनेतले वर्ष, पण तो नाणे पाडल्याचा नव्हे, तर सुलतान गादीवर बसल्याचा. आणि दुसरा त्याच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष चालू आहे ते सांगणारा लहान आकडा. सुलतान महंमद पाचवा यांच्या प्रत्येक नाण्यावर १३२७ हाच हिजरी सन दिसतो, कारण ते १९०९ साली गादीवर बसले. शेजारी ४ हा आकडा असेल तर ते नाणे साधारण १९१२ मधले. हिजरी वर्ष चांद्र असल्याने सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास मिळतो. हे सूत्र मी वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवले होते. तरीही ताऱ्याच्या नाण्याला ते लावून पाहावे असे मनात आले नाही. हिजरी सन म्हटला की तो अरबी वळणाच्या अंकांतच असणार, असे मी कुणीही न सांगता गृहीत धरले होते.

नाण्यावरचा सन खरा असूनही नाणे त्या सालचे नसते, हे मला मामांच्या डब्यातल्या सर्वांत मोठ्या चांदीच्या नाण्याने शिकवले. मारिया थेरेसा थेलर या नावाने ते जगभर ओळखले जाते. एका बाजूला ऑस्ट्रियाच्या महाराणीची भरदार मुद्रा, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड, आणि सन १७८०. महाराणीचा मृत्यू त्याच वर्षीच्या २९ नोव्हेंबरला झाला. तोवर तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवरचे आणि इथिओपियातले व्यापारी या नाण्याला इतके सरावले होते, की त्यांना दुसरा चेहरा किंवा दुसरा सन असलेले नाणे नकोसे वाटू लागले. म्हणून १७८० हाच सन कायम ठेवून ते पुढे पाडले जात राहिले. खुद्द ऑस्ट्रियात त्याचे चलनमूल्य १८५८ साली संपले, पण परदेशी व्यापारात ते चालतच राहिले. विसाव्या शतकात तर व्हिएन्नाबरोबरच रोम, लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, मुंबई आणि बर्मिंगहॅम इथल्या टांकसाळींनीही तेच नाणे, त्याच सनासह, पाडले. कोणते थेलर कुठले हे गरुडाच्या शेपटीतली पिसे, महाराणीच्या वस्त्रावरच्या पदकातले मोती आणि अक्षरांची ठेवण यांच्या बारीक फरकांवरून ठरवतात. मी भिंगाखाली तीन रविवार घालवले आणि माझे नाणे विसाव्या शतकातले आहे या निर्णयावर आले. वहीत 'सन १७८०' च्या जागी 'नाण्यावरील सन १७८०. प्रत्यक्ष निर्मिती विसावे शतक' असे लिहिताना पहिल्यांदाच मला जाणवले की एका नाण्याच्या नोंदीत सनाचे दोन रकाने हवेत. त्या दिवशी मी नवी वही आणली.

थेलरमुळेच मी नाणी तोलू लागले. त्याचे ठरीव वजन २८.०६६८ ग्रॅम आणि चांदीचा कस हजारात ८३३. माझ्या काट्यावर, म्हणजे ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणाऱ्या लहान काट्यावर, ते २७.९६ ग्रॅम भरले. वापराने होणारी झीज धरली तर ते योग्यच होते. पण वजन बरोबर असले म्हणजे धातूही बरोबर, असे नाही, म्हणून घनता मोजायला हवी. त्याची रीत साधी आहे आणि तिने नाण्याला कोणतीही इजा होत नाही. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा. मग नाणे बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे, पण पेल्याच्या तळाला किंवा कडेला टेकणार नाही असे, अलगद लोंबकळत धरायचे. काट्यावर जो आकडा येतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, म्हणजेच नाण्याचे घनफळ. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला असेल तर आकडा फसवा येतो, म्हणून नाणे पाण्यात एकदा हलकेच फिरवून घ्यावे लागते. माझा आकडा आला २.७४. भागाकार केला, १०.२०. शुद्ध चांदीची घनता १०.४९ आणि तांब्याची ८.९६; त्या प्रमाणातल्या मिश्रणाची घनता १०.२ च्या आसपासच यायला हवी. आर्किमिडीजची गोष्ट आपण सगळेच शाळेत ऐकतो, पण स्वतःच्या टेबलावर ती खरी होताना पाहण्याचा आनंद मला आजही प्रत्येक वेळी तितकाच होतो.

या रीतीने माझी एक फसवणूकही उघडी पाडली, मात्र खरेदी झाल्यानंतर. डब्यात नसलेले एक नाणे मला फार दिवसांपासून हवे होते: स्पॅनिश साम्राज्याचे आठ रियालचे चांदीचे नाणे. बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात १५४५ साली चांदी सापडली. तिथल्या आणि मेक्सिकोच्या टांकसाळींतून निघालेली ही नाणी सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत जगभर फिरली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तर ती १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होती. चीनमध्ये पोहोचलेल्या नाण्यांवर तिथले व्यापारी आणि सराफ खरेपणाची खूण म्हणून आपापले लहान ठसे मारत. असे ठसे असलेले एक नाणे मी एका विक्रेत्याकडून घेतले. ठसे पाहून मी इतकी हरखले की काटा बरोबर असूनही तो पिशवीतून काढला नाही.

घरी आल्यावर तोलले तर ते २२.८० ग्रॅम भरले. खरे नाणे २७ ग्रॅमच्या आसपास असते. पाण्यातला आकडा २.६६ आला, म्हणजे घनता जेमतेम ८.५७; चांदी नव्हे, पितळेच्या जातीचा धातू. मग कड पाहिली. राजाची मुद्रा असलेल्या खऱ्या नाण्याच्या कडेवर वर्तुळ आणि चौकट यांची आळीपाळीने नक्षी असते. दोन पट्ट्यांमध्ये नाणे फिरवून ती उमटवत, त्यामुळे समोरासमोरच्या दोन ठिकाणी ती एकमेकींवर चढलेली दिसते. माझ्या नाण्याच्या कडेवर नक्षी अस्पष्ट होती आणि मधोमध साच्याची बारीक शीव धावत होती. विक्रेत्याने ते परत घ्यायला नकार दिला. ते नाणे 'नकली' अशी चिठ्ठी लावून मी वेगळ्या खणात ठेवले आहे आणि खरेदीला जाताना ते सोबत घेते, कारण नकली कड एकदा बोटाला माहीत झाली की खऱ्या कडेवर हात ठेवताच फरक कळतो. 'खणखणीत नाणे' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत आहे आणि जुने पारखी नाणे वाजवूनच घेत, पण संग्रहातले नाणे दगडावर आपटून पाहणे मला मान्य नाही. काटा, पाणी आणि भिंग एवढ्यावर बहुतेक निवाडा होतो.

आता ज्या चुकीची भरपाई होत नाही तिच्याविषयी लिहिते. न्यूफाउंडलंड हा आज कॅनडाचा भाग आहे, पण १९४९ पूर्वी तो वेगळा होता आणि १८६५ ते १९४७ या काळात त्याची स्वतःची नाणी होती. मामांच्या डब्यात तिथले १९१७ चे ५० सेंटांचे चांदीचे नाणे होते. त्याच्यावर करडी-निळसर झाक चढली होती आणि कडेला ती तपकिरी होत गेली होती. मला ती मळ वाटली. भांडी चकाकवायच्या पुडीने मी ते नाणे कापडावर घासले आणि ते आरशासारखे झाले, म्हणून समाधानाने झोपले. दुसऱ्या दिवशी तिरप्या प्रकाशात पाहिले तर राजाच्या गालावरून आणि मोकळ्या पृष्ठभागावरून शेकडो बारीक ओरखडे एकाच दिशेने गेलेले होते. चांदीवरची ती झाक म्हणजे हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन तयार झालेला अतिशय पातळ थर होता. तो तयार व्हायला अनेक दशके लागली होती आणि त्याच्याखाली टांकसाळीतून निघालेला मूळ पृष्ठभाग शाबूत होता. दोन्ही मी पाच मिनिटांत घालवले. जाणकार माणूस नाणे हाती घेताच ते घासलेले आहे हे ओळखतो, आणि पुन्हा झाक चढली तरी ओरखडे तसेच राहतात. जे राज्यच आता नकाशावर उरले नाही त्याच्या नाण्याशी मी असे वागले, याचे दुःख मला अजून आहे.

त्यानंतर मी एकही नाणे घासलेले नाही. माती चिकटलेले नाणे शुद्ध केलेल्या पाण्यात काही दिवस बुडवून ठेवते, पाणी रोज बदलते आणि मग न पुसता मऊ कापडावर आपोआप वाळू देते. मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये ठेवलेल्या काही नाण्यांवर चिकट हिरवट थर आला होता. त्या प्लास्टिकमधली रसायने सुटून धातूला लागतात. तो थर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवल्यावर सुटला, पण हे काम उघड्या खिडकीपाशी आणि आगीपासून दूर करावे लागते, आणि नखांवरचा रंग काढायचे द्रावण त्याऐवजी वापरता येत नाही, कारण त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. तांब्यावरचा घट्ट, गुळगुळीत हिरवा कळंक ही चिंतेची बाब नसते. फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशीसारखी वाढ दिसली, तर ते नाणे लगेच बाकीच्यांपासून दूर करून कोरड्या जागी ठेवावे. हल्ली माझी नाणी पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटांत असतात, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या असतात, आणि नाणे मी नेहमी कडेने धरते.

युद्धकाळातल्या नाण्यांच्या खणाविषयी थोडे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका संध्याकाळी मी चुंबक घेऊन सगळी नाणी तपासत होते, तेव्हा तांब्याचे असायला हवे असे अमेरिकेचे १९४३ चे एक सेंटाचे नाणे टपकन चुंबकाला चिकटले. त्या वर्षी तांबे दारूगोळ्यासाठी हवे असल्याने ते जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले होते. मग मी त्या वर्षांची नाणी एकत्र आणली. जर्मन ताब्यातल्या नेदरलँड्स आणि बेल्जियमची नाणी जस्ताची, काळवंडलेली, कडा खाल्लेली होती. फ्रान्सचे १९४२ चे एक फ्रँकचे नाणे अ‍ॅल्युमिनियमचे, हातात घेतले तरी जाणवू नये इतके हलके. त्याच्यावरून 'स्वातंत्र्य, समता, बंधुता' हे शब्द गेलेले होते आणि त्यांच्या जागी 'श्रम, कुटुंब, मातृभूमी' हे शब्द आलेले होते. 'फ्रेंच प्रजासत्ताक' ऐवजी नुसते 'फ्रेंच राज्य' असे लिहिलेले होते. युद्धाचा इतिहास मी पूर्वी वाचला होता, पण एखाद्या देशाचा पराभव ग्रॅममध्ये तोलता येतो हे मला त्या खणाने दाखवले. संग्रहातला हा खण बाजारभावाने सर्वांत स्वस्त असेल. मला तो सर्वांत प्रिय आहे.

ताऱ्याच्या नाण्याचा उलगडा मात्र भलत्याच देशाच्या नाण्यांनी केला. डब्यात चौकोनी भोकाची चिनी पितळी नाणी वीसेक होती. या घडणीचा आदर्श ठरलेले काययुआन नावाचे नाणे तांग राजवटीत ६२१ साली निघाले आणि गोल नाण्याला चौकोनी भोक ही रचना विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली. माझी बहुतेक नाणी चिंग राजवटीतल्या चियानलुंग सम्राटाच्या काळातली, म्हणजे १७३६ ते १७९५ मधली निघाली. दर्शनी बाजूची चार चिनी अक्षरे आधी वर-खाली आणि मग उजवी-डावी अशी वाचायची. मागच्या बाजूला मांचू लिपीत टांकसाळीचे नाव असते. ही नाणी ठसा मारून पाडलेली नसून ओतलेली आहेत हे वाचून मी त्यांच्याकडे नव्याने पाहू लागले. नमुन्याचे नाणे बारीक वाळूत दाबून साचा करीत, साच्यातल्या अनेक नाण्यांना जोडणारा एक पाट ठेवीत आणि त्यातून वितळलेला धातू सोडीत. साचा उघडला की फांदीला पाने लागावीत तशी नाणी मधल्या दांड्याला लागलेली निघत. ती तोडून चौकोनी सळईवर ओवीत, म्हणजे ती फिरत नसत, आणि सगळ्यांच्या कडा एकदम कानशीने घाशीत. माझ्या नाण्यांपैकी चारांच्या कडेवर, जिथे ते नाणे दांड्यापासून तोडले असेल तिथे, कानस पुरती न फिरलेला उंचवटा अजून आहे.

तो उंचवटा बोटाने चाचपताना मला एकदम आठवले की असाच एक उंचवटा दुसऱ्या एका नाण्याला आहे. मी उठून ताऱ्याचे नाणे आणले. कडेला अगदी तसाच तुटका भाग होता. समोरच्या बाजूलाही एक होता. म्हणजे हे नाणेही ओतलेले होते आणि दोन नाण्यांच्या मध्ये साखळीसारखे जोडलेले होते. आता मी आकड्याकडे पुन्हा पाहिले आणि प्रथमच स्वतःला विचारले, की १२८८ साली असे आकडे नाण्यावर कोण कोरत होते? युरोपात या आकड्यांत सन घातलेल्या सर्वांत जुन्या ज्ञात नाण्यांत स्वित्झर्लंडमधल्या सांक्ट गालेनचे १४२४ चे नाणे गणले जाते. त्याआधी सन घातलाच तर तो सहसा रोमन अंकांत असे. माझे नाणे त्याच्याही एकशे छत्तीस वर्षे आधीचे असणे शक्य नव्हते. वहीच्या पहिल्या पानावरचे सूत्र मी त्या क्षणी लावले. १२८८ गुणिले ०.९७, अधिक ६२२. उत्तर आले १८७१.

त्यानंतर पुढची वाट सोपी होती. युरोपीय आकड्यांत हिजरी सन घालणाऱ्या देशांत मोरोक्को प्रमुख होता, आणि सहा टोकांचा तारा, ज्याला तिथे सुलेमानाची मुद्रा म्हणतात, हे तिथल्या ओतीव तांब्याच्या नाण्यांचे ठरलेले चिन्ह होते. या नाण्यांना फुलूस म्हणतात. हिजरी १२८८ म्हणजे मार्च १८७१ ते मार्च १८७२. तेव्हा गादीवर सुलतान महंमद चौथे होते. दहा-बारा वर्षांनी सुलतान हसन पहिले यांनी पॅरिसमध्ये यंत्रावर पाडलेली चांदीची नाणी आणवली. माझे नाणे मात्र त्याआधीच्या, साच्याच्या काळातले. झिजलेली अक्षरे मी अंधाऱ्या खोलीत, एका बाजूने दिवा अगदी आडवा धरून वाचली. नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, नाहीसे झाले होते, तरी 'फास' हा शब्द उमटला, म्हणजे फेज शहराची टांकसाळ. सातशे वर्षांचे नाणे दीडशे वर्षांचे झाले, आणि मला मुळीच वाईट वाटले नाही. उलट ज्या माणसाने ते दांड्यापासून तोडून कड पुरती न घासताच पुढे टाकले, त्याचा हात मला आता जास्त स्पष्ट दिसत होता.

या सगळ्यात पाकिटांकडे मी वळले नव्हते. पुरून ठेवलेल्या नाण्यांच्या साठ्यांविषयी वाचताना त्यांची आठवण झाली. एखादा साठा जसाच्या तसा हाती आला तर त्यातले सर्वांत अलीकडचे नाणे सांगते की तो त्याआधी पुरलेला असू शकत नाही. कोणत्या गावची नाणी एकत्र आली यावरून व्यापाराच्या वाटा कळतात. तीच नाणी कुणी उकरून एकेक करून विकली की नाणी राहतात आणि ही माहिती कायमची नष्ट होते. सांस्कृतिक ठेव्याच्या बेकायदा व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा १९७० चा करार आहे, आणि ज्या प्राचीन नाण्याचा माग कागदोपत्री लागत नाही ते घ्यायचे नाही, असा नियम मी तेव्हापासून पाळते. हे वाचत असतानाच लक्षात आले की मामांचा डबा हाही एक साठाच होता आणि तो मी एका रात्रीत मोडला होता.

डब्याच्या तळाशी एकवीस पाकिटे होती. सातव्या की आठव्या पाकिटावर मामांच्या अक्षरात लिहिलेले होते: 'टँजियर. तांबे. ७.' टँजियर हे मोरोक्कोचेच बंदर. मी अनोळखी तांब्याच्या नाण्यांचा खण टेबलावर ओतला आणि प्रत्येक चकती आडव्या प्रकाशात धरून ताऱ्याची खूण शोधू लागले. पहाटेपर्यंत आणखी पाच सापडली. त्यांतल्या दोघांवर १२८३ आणि १२९० वाचता आले, तिघांवर फक्त ताऱ्याची टोके उरली होती. सहा नाणी मी त्याच पाकिटात परत घातली. उरलेल्या वीस पाकिटांपैकी अकरा आतापर्यंत पुन्हा भरली आहेत, काही खात्रीने, काही 'बहुधा' अशी चिठ्ठी लावून.

पुढच्या भेटीत मी टँजियरचे पाकीट मामांच्या हातात दिले. त्यांना आता अक्षर दिसत नाही. त्यांनी एक नाणे काढून अंगठा कडेवरून सावकाश फिरवला, उंचवट्यापाशी थांबवला आणि म्हणाले, "ही तिथल्या बाजारात जमिनीवर फडक्यावर ढिगाने ओतलेली होती. बाकीची पार गुळगुळीत होती, म्हणून मी खरखरीत कडेची निवडली." हे वाक्य मी त्यांच्यासमोरच एका चिठ्ठीवर जसेच्या तसे लिहून घेतले, खाली त्या दिवसाची तारीख घातली आणि चिठ्ठी पाकिटात ठेवली. पाकिटावरचा ७ मी खोडलेला नाही.